मोठी फाइल, अर्धी प्रिंट: फोटो प्रिंटिंगचं सॉफ्टवेअर नेमकं कुठे अडकतं

ग्राहकाच्या फोनमधून आलेला फोटो जेमतेम ३० एमबीचा असतो. त्याला त्याची ६ बाय ४ ची कॉपी हवी असते. असे वीस फोटो प्रिंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढून टाकले की स्टुडिओतला ८ जीबी रॅमचा कॉम्प्युटर गोठतो. पहिला संशय प्रिंटरवर जातो, दुसरा विंडोजवर. मग ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्यात अर्धा दिवस जातो आणि दुखणं जिथल्या तिथे राहतं.

२०० मेगापिक्सेलच्या फोनचा पूर्ण आकाराचा फोटो म्हणजे १६,३२० बाय १२,२४० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. एका फोटोचे जवळजवळ ६०० एमबी, वीस फोटोंचे १२ जीबी. डिस्कवरचे ३० एमबी ही गुंडाळून ठेवलेली सतरंजी आहे. प्रिंट काढायची तर ती पूर्ण पसरावी लागते, आणि पसरायला जागा रॅममध्ये हवी. गंमत म्हणजे ६ बाय ४ इंची कॉपीला ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) फक्त १,८०० बाय १,२०० पिक्सेल लागतात. म्हणजे गरजेच्या ९२ पट माल आपण सॉफ्टवेअरच्या गळ्यात घालतो.

आधी आकडेमोड

फाइल किती एमबीची आहे हे बघून काहीच कळत नाही. फाइलवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डिटेल्स’. तिथे रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये दिसते. दोन्हींचा गुणाकार करा, आरजीबी (लाल, हिरवा, निळा) असेल तर ३ ने गुणा, सीएमवायके (छपाईच्या शाईचे चार रंग) असेल तर ४ ने. फाइल १६ बिटची (दर रंगाला एकाऐवजी दोन बाइट) असेल तर उत्तर दुप्पट. लेयर (चित्राचे एकावर एक थर) असतील तर पूर्ण भरलेल्या दर लेयरमागे साधारण तेवढीच भर.

काही नेहमीचे आकडे, सगळे ८ बिट आरजीबीचे. करिझ्मा अल्बमचं १२ बाय ३६ इंची एक पान ३०० पीपीआयने ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल, म्हणजे ११७ एमबी. दहा लेयरचं १६ बिट पान उघडलं की तेच दोन जीबींच्या पुढे जातं. २४ बाय ३६ इंची पोस्टर ३०० पीपीआयने २३३ एमबी. १० बाय ४० फुटी फ्लेक्स कुणी हौसेने ३०० पीपीआयने बनवलं तर ३६,००० बाय १,४४,००० पिक्सेल, म्हणजे १५.५ जीबी, आणि सीएमवायके केलं की २०.७ जीबी.

हा आकडा फक्त चित्र ठेवण्याचा. सॉफ्टवेअर चित्र फिरवतं, आकार बदलतं, रंगाचं प्रोफाइल लावतं, तेव्हा त्याच्या एकाहून जास्त प्रती एकाच वेळी रॅममध्ये असतात. म्हणून उघडलेल्या आकाराच्या निदान तिप्पट रॅम मोकळी हवी असं धरून चाला.

अडकलं कुठे ते शोधा

फाइल चार टप्प्यांतून जाते: सॉफ्टवेअर, ड्रायव्हर आणि स्पूल (छपाईची वाट बघणारी कामं विंडोज डिस्कवर साठवतं ती जागा), केबल किंवा नेटवर्क, आणि शेवटी प्रिंटर. कोणत्या टप्प्यावर घोडं अडलं हे न कळता सेटिंग बदलत बसलात तर चालू असलेलंही बिघडतं. पुढच्या चाचण्या याच क्रमाने करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

१. त्याच प्रिंटरवर, त्याच कागदावर, त्याच सेटिंगने एखादा लहान फोटो काढा. २,००० पिक्सेल रुंदीचा पुरे. हाही आला नाही तर मामला मोठ्या फाइलचा नाहीच. केबल, शाई, कागदाचं सेटिंग तपासा.

२. लहान फोटो आला तर अडलेल्या फोटोची प्रत काढून ती निम्म्या पिक्सेलवर आणा आणि तीच प्रिंट करा. आली तर आकाराचाच प्रश्न आहे. निम्मी होऊनही अडली तर फाइलच खराब असेल किंवा तिचा प्रकार सॉफ्टवेअरला झेपत नसेल.

३. मूळ मोठी फाइल ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ या प्रिंटरवर पाठवा. पीडीएफ तयार होतानाच सॉफ्टवेअर बंद पडलं तर दोष सॉफ्टवेअरचा किंवा रॅमचा. पीडीएफ नीट झाली पण खऱ्या प्रिंटरवर जात नाही, तर ड्रायव्हर, स्पूल किंवा केबल.

४. पीडीएफ उघडून चित्राचे चारही कोपरे बघा. एखादा चौकोनी तुकडा पांढरा किंवा काळा असेल तर सॉफ्टवेअरने मेमरी संपल्यावर तेवढा भाग सोडून दिला आहे. काही सॉफ्टवेअर अशा वेळी चूक झाल्याचं सांगतही नाहीत, मुकाट्याने रिकामा भाग पाठवून मोकळी होतात. महागड्या कागदावर हे कळण्यापेक्षा पीडीएफमध्ये कळलेलं बरं.

सॉफ्टवेअरच बंद पडत असेल तर

टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ निवडा आणि फाइल उघडताना ‘कमिटेड’ या शब्दाखालचे दोन आकडे बघत राहा. पहिला आकडा दुसऱ्याला भिडला की सॉफ्टवेअर कोसळतं. हे आकडे एकमेकांपासून लांब असताना, रॅम भरपूर मोकळी असतानाही ते कोसळलं, तर ते ३२ बिटचं आहे का बघा.

स्टुडिओंमध्ये ही जुनी अडचण फार आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीचं लेआउट किंवा पासपोर्ट फोटोचं सॉफ्टवेअर सवयीचं म्हणून नव्या कॉम्प्युटरवरही तेच टाकलं जातं. ३२ बिटच्या प्रोग्रामला विंडोज एरवी २ जीबीच मेमरी वापरू देतं, आणि प्रोग्राम तशी सोय ठेवून बनवला असेल तर ६४ बिट विंडोजवर ४ जीबीपर्यंत. मशीनमध्ये ३२ जीबी रॅम टाकली तरी त्याला ती दिसत नाही. अशा सॉफ्टवेअरसाठी रॅम वाढवणं हा पैशांचा चुराडा. एक तर ६४ बिट आवृत्ती मिळवा, नाही तर त्याला देण्याआधी फोटो लहान करा. इरफानव्ह्यूची ३२ आणि ६४ बिट अशा दोन वेगळ्या आवृत्त्या मिळतात. मोठ्या फाइलींसाठी ६४ बिटचीच घ्या.

फोटोशॉपमध्ये ‘स्क्रॅच डिस्क फुल’ असा निरोप येतो तेव्हा रॅम संपून डिस्कवरची उसनी जागाही संपलेली असते. ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘स्क्रॅच डिस्क’ सी ड्राइव्हवरून काढून मोकळ्या एसएसडीवर द्या. ‘हिस्टरी स्टेट्स’ ५० असतात, ते १० वर आणा. मोठ्या फाइलवर प्रत्येक पायरी मागे मोठा ढीग ठेवून जाते. मेमरीचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या वर नेऊ नका. उरलेल्या रॅमवर प्रिंटरचा ड्रायव्हरही जगायचा असतो. फोटोशॉप मध्येच कोसळलं असेल तर त्याच्या ‘फोटोशॉप टेम्प’ नावाच्या फाइली टेम्प फोल्डरमध्ये पडून राहतात, आणि त्या प्रत्येकी काही जीबींच्या असू शकतात. फोटोशॉप बंद असताना त्या बिनदिक्कत काढून टाका.

गिंपमध्ये हाच प्रकार ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘सिस्टिम रिसोर्सेस’मध्ये आहे. ‘टाइल कॅश’चा आकडा रॅमच्या साधारण निम्मा ठेवा.

विंडोजचा ‘व्हर्च्युअल मेमरी’चा आकार कुणी तरी सल्ला दिला म्हणून शून्यावर आणलेला असतो. तो पुन्हा ‘सिस्टिम मॅनेज्ड’वर न्या. एसएसडी झिजेल ही भीती मोठ्या फाइलींच्या कामात परवडणारी नाही.

स्पूलमध्ये अडकलं असेल तर

‘स्पूलिंग’ असं लिहून येतं आणि पुढे काहीच हलत नाही. रांगेतून काम काढून टाकायला जावं तर ‘डिलीटिंग’ असं दाखवत तेही तिथेच चिकटून बसतं.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. स्पूलमध्ये तुमची जेपेग जात नाही, ड्रायव्हरने पसरलेलं चित्र जातं. २४ बाय ३६ इंची पोस्टर ड्रायव्हरने ३६० पीपीआयने पसरलं तर कच्च्या हिशेबाने ३३६ एमबी, आणि ‘फाइनेस्ट डिटेल’वर टिक करून ७२० ने पसरलं तर चौपट, म्हणजे १.३४ जीबी. मूळ फाइल २० एमबीची असली तरी. एका वेळी पाच पोस्टर रांगेत लावली की सी ड्राइव्हवर सहा-सात जीबींची मागणी येते, आणि स्टुडिओतल्या कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह नेहमी लाल रेघेवरच असतो.

अडकलेली रांग साफ करण्यासाठी प्रिंटर बंद करा. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधून उघडा, यादीत ‘प्रिंट स्पूलर’ला राइट क्लिक करून ‘स्टॉप’ म्हणा. मग सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज’, त्यात ‘सिस्टिम३२’, त्यात ‘स्पूल’, त्यात ‘प्रिंटर्स’ या फोल्डरमध्ये जा. आतल्या फाइली काढून टाका, फोल्डर मात्र तसंच ठेवा. या फाइली काढल्या की सगळ्या प्रिंटरांची रांग जाते, त्यामुळे शेजारच्या टेबलावरून कुणी बिल काढायला दिलं असेल तर आधी विचारा. परत येऊन स्पूलरला ‘स्टार्ट’ करा आणि मग प्रिंटर चालू करा. क्रम उलटा झाला तर प्रिंटरच्या पोटातलं उरलेलं अर्धं काम पुन्हा बाहेर येऊ शकतं.

हे दर आठवड्याला करावं लागत असेल तर स्पूलची जागाच बदला. कंट्रोल पॅनलच्या ‘डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स’मध्ये कोणताही प्रिंटर निवडून वर ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’, मग ‘ॲडव्हान्स्ड’. तिथे फोल्डरचा पत्ता दुसऱ्या ड्राइव्हवर द्या. ते फोल्डर आधी बनवून ठेवा आणि एखाद्या ड्राइव्हच्या मुळाशी देऊ नका. स्क्रॅच डिस्क आणि स्पूल शक्यतो वेगवेगळ्या ड्राइव्हवर हवेत, नाही तर दोघं एकाच ताटात जेवतात.

त्या प्रिंटरच्या स्वतःच्या ‘प्रॉपर्टीज’मध्येही एक ‘ॲडव्हान्स्ड’ टॅब असतो. तिथे दोन गोष्टी बघा. पहिली, ‘शेवटचं पान स्पूल झाल्यावर छपाई सुरू करा’ अशा अर्थाचा पर्याय. तो निवडला की वाट जास्त बघावी लागते, पण प्रिंटर मध्येच थांबत नाही. दुसरी, ‘एनेबल ॲडव्हान्स्ड प्रिंटिंग फीचर्स’ची टिक. चित्रातले तुकडे गायब होत असतील तर ती काढून बघा. मग विंडोज मधला टप्पा गाळून प्रिंटरसाठी तयार झालेलाच माल स्पूलमध्ये ठेवतं. स्पूलची फाइल मोठी होऊ शकते, म्हणून आधी जागेचं बघा आणि मग हे करा.

प्रिंट अर्धी येते, किंवा आडव्या पट्ट्या दिसतात

अर्धी प्रिंट आणि पुढे कोरा कागद, हे बहुतेक वेळा केबल किंवा नेटवर्कचं काम असतं. १.३४ जीबीचं पोस्टर १०० एमबीपीएसच्या लॅन केबलवरून जायला अगदी आदर्श स्थितीतही दोन मिनिटं लागतात. गर्दीच्या वायफायवर सेकंदाला अडीच एमबी मिळाले तर नऊ मिनिटं. या नऊ मिनिटांत एकदा जरी सिग्नल गेला तरी कागद वाया. मोठ्या प्रिंटरला लॅनची वायर ओढा.

यूएसबी २.० च्या केबलची मान्य लांबी ५ मीटर आहे. दुकानाच्या एका टोकाला कॉम्प्युटर, दुसऱ्या टोकाला प्रिंटर आणि मध्ये दोन एक्स्टेन्शन जोडलेली असतील तर लहान फोटो निघतात आणि मोठे मरतात. विंडोजच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. कॉम्प्युटर झोपी जाणंही बंद करा. लांब प्रिंट चालू असताना कुणी माउसला हात लावत नाही आणि वीस मिनिटांनी मशीन डुलकी घेतं.

आडव्या पट्ट्यांचं मात्र नीट बघायला हवं, कारण तिथे दोन वेगळ्या दुखण्यांची गल्लत होते. पट्ट्या ठरावीक अंतरावर, सगळ्या प्रिंटभर सारख्या असतील तर नोझल तुंबलंय किंवा कागद पुढे सरकवण्याचं माप चुकलंय. ते साफसफाईने आणि अलाइनमेंटने सुटतं. पण पट्ट्या अनियमित असतील, कुठे दोन जवळ, कुठे फूटभर काहीच नाही, तर हेड मध्येमध्ये थांबतंय. डेटा वेळेवर पोचला नाही की हेड बाजूला उभं राहतं. तेवढ्यात आधीची शाई वाळते, पुढची फेरी वाळलेल्या शाईवर पडते आणि तिथे रंगाची रेघ उमटते. अशा वेळी कितीही हेड क्लीनिंग केलं तरी फक्त शाई संपते. प्रिंटरजवळ उभं राहून ऐका. हेडची लय तुटत असेल तर मघाचं ‘शेवटचं पान’वालं सेटिंग आणि लॅनची वायर हाच इलाज.

लांबीच्या मर्यादा

पॅनोरमा किंवा बॅनर एका ठरावीक लांबीवर कापला जातो, आणि कितीही वेळा काढला तरी तिथेच. हा बिघाड नव्हे, कुठल्या तरी आकड्याची हद्द आहे.

विंडोज ड्रायव्हरला कागदाची लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागात सांगतं आणि ती १६ बिटच्या आकड्यात ठेवतं. त्यात ३२,७६७ पर्यंतच मावतात, म्हणजे ३.२७ मीटर किंवा १० फूट ९ इंच. दहा फुटी बॅनर निघतो, अकरा फुटी निघत नाही, तो यामुळे. काही मोठ्या प्रिंटरांचे ड्रायव्हर रोलसाठी स्वतःचं वेगळं सेटिंग देऊन ही हद्द ओलांडतात, पण मग फोटो पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही ते कळायला हवं. रिपमधून (चित्राचे शाईचे थेंब स्वतःच ठरवून थेट प्रिंटरला देणारं सॉफ्टवेअर) पाठवलं तर विंडोजचा ड्रायव्हरच मध्ये येत नाही, म्हणून लांब कामं रिपमधूनच करावीत.

फाइलच्या प्रकारांच्याही हद्दी आहेत. जेपेगची एक बाजू ६५,५३५ पिक्सेलपेक्षा जास्त असू शकत नाही. पीएसडी ३०,००० पिक्सेल आणि २ जीबीला थांबते. त्यापुढे पीएसबी, जी ३ लाख पिक्सेलपर्यंत जाते, पण ती फोटोशॉपबाहेर फार थोडी सॉफ्टवेअर उघडतात. साधी टिफ ४ जीबीला संपते. पीडीएफचं पान जुन्या नियमाने २०० इंच, म्हणजे ५.०८ मीटर. नव्या पीडीएफमध्ये त्याहून मोठं पान करता येतं, पण जुनी रिप ते चुकीच्या मापात वाचतात. यावरचा सोपा तोडगा म्हणजे दहास एक प्रमाणात फाइल बनवायची आणि छापताना १,००० टक्के करायची. मात्र पीपीआय त्याच हिशेबाने वाढवा: छापून ७२ हवे असतील तर लहान फाइलमध्ये ७२० पाहिजेत. हे विसरलं की चाळीस फुटी फ्लेक्सवर चौकटी दिसतात.

पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नसेल, आणि जागा मोकळी असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असं येत असेल, तर पेनड्राइव्ह फॅट३२ आहे. तो एक्सफॅटने फॉरमॅट करा, आतलं काढून घेतल्यावर.

फाइल आटोक्यात आणण्याची रीत

वर सांगितलेलं सगळं केलं तरी खरा उपाय एकच आहे: प्रिंटर वापरूच शकत नाही ते पिक्सेल पाठवू नका. इथे सगळ्यात महागडा गैरसमज म्हणजे प्रिंटरच्या खोक्यावरचा १४४० किंवा २८८० डीपीआय हा आकडा. तो शाईच्या थेंबांचा आहे. एका पिक्सेलचा रंग जमवायला प्रिंटर अनेक थेंब टाकतो. चित्राची फाइल १४४० पीपीआयला नेली तर २४ बाय ३६ चं पोस्टर ५.३७ जीबीचं होतं, पीएसडीत मावत नाही, टिफमध्ये मावत नाही, आणि छापल्यावर काडीचा फरक पडत नाही. ड्रायव्हर चित्र मागतो ते एप्सनचा ३६० ने, ‘फाइनेस्ट डिटेल’ असेल तर ७२० ने. कॅनन आणि एचपीचे ३०० किंवा ६०० ने. फोटोंसाठी यातला पहिला आकडा पुरतो. बारीक अक्षरं किंवा नकाशा असेल तरच दुसरा.

शिवाय बघणारा किती लांब उभा आहे हे महत्त्वाचं. निरोगी डोळ्याला साधारण एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) कोनाएवढा बारकावा दिसतो. त्यावरून हिशेब निघतो: ३,४३८ ला अंतराच्या इंचांनी भागा, आलं ते पुरेसं पीपीआय. फूटभरावरून बघायच्या अल्बमला २८६, दोन फुटांवरच्या फ्रेमला १४३, दहा फुटांवरच्या फ्लेक्सला २९.

फोटोशॉपमध्ये पुढच्या क्रमाने जा. बाकी सॉफ्टवेअरमध्ये नावं बदलतील, क्रम हाच.

१. ‘इमेज’मधून ‘डुप्लिकेट’ करा. मूळ फाइल बंद करा, म्हणजे तिची मेमरी सुटेल आणि चुकून तिच्यावर सेव्हही होणार नाही.

२. ‘फ्लॅटन इमेज’. ‘चॅनल्स’मध्ये जादा अल्फा चॅनल असेल तर तोही काढा; काही रिप त्याला पाचवा रंग समजतात.

३. ‘इमेज साइज’मध्ये ‘रीसॅम्पल’ची टिक काढून प्रिंटची खरी रुंदी इंचांत टाका. खाली जे पीपीआय दिसेल ते तुमच्याकडचं खरं भांडवल. ते ३०० किंवा ३६० च्या खाली आणि १५० च्या वर असेल तर तसंच सोडा. वाढवून नवा तपशील येत नाही.

४. जास्त असेल तरच ‘रीसॅम्पल’ची टिक लावून ३०० किंवा ३६० करा आणि ‘बायक्युबिक शार्पर’ निवडा.

५. रंगाचं प्रोफाइल बदलायचं असेल तर ते आत्ता, १६ बिटमध्ये असतानाच बदला. मग ‘मोड’मधून ८ बिट करा. विंडोजच्या साध्या ड्रायव्हरमधून बहुतेक वेळा ८ बिटच पुढे जातात, त्यामुळे १६ बिट पाठवून फक्त ओझं वाढतं.

६. शार्पनिंग सगळ्यात शेवटी. आकार बदलण्याआधी केलेलं वाया जातं.

७. स्वतःच्या प्रिंटरसाठी टिफ, कॉम्प्रेशन एलझेडडब्ल्यू. लॅबला पाठवायची असेल तर जेपेग, क्वालिटी १० किंवा ११, आणि प्रकार ‘बेसलाइन’. ‘प्रोग्रेसिव्ह’ निवडू नका. ती उघडायला जास्त मेमरी लागते आणि काही लॅबच्या मशीनना ती वाचताच येत नाही. १६ बिट टिफला एलझेडडब्ल्यू लावलं तर फाइल लहान व्हायच्या ऐवजी बऱ्याचदा मोठीच होते, हेही माहीत असू द्या.

लग्नाचे चारशे फोटो असतील तर हे हाताने करत बसू नका. इरफानव्ह्यूच्या ‘बॅच कन्व्हर्जन’मध्ये लांब बाजू ६ बाय ४ साठी १,८०० पिक्सेल, १८ बाय १२ साठी ५,४०० अशी देऊन प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. मग त्या लेआउटच्या सॉफ्टवेअरला द्या. वीस फोटो गोठवणारा कॉम्प्युटर दोनशे फोटो मुकाट काढतो.

एक फसवी गोष्ट राहिली. काही फाइलींमध्ये पीपीआयची नोंदच नसते. सॉफ्टवेअर तेव्हा ७२ धरून चालतं आणि मघाच्या २०० मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी १६,३२० भागिले ७२, म्हणजे जवळजवळ २२७ इंच ठरवतं. ‘कागदाचा आकार चुकीचा’ असा निरोप येतो आणि माणूस कागदाच्या ट्रेकडे बघत बसतो. तिसऱ्या पायरीत रुंदी इंचांत टाकून सेव्ह केलं की हे सुटतं.

ग्राहकाकडून फाइल व्हॉट्सॲपवर मागवत असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून आलेला आधीच आटलेला असतो, आणि मग अडचण नेमकी उलटी होते.

फ्लेक्स आणि भिंतभर चित्रं

१० बाय ४० फुटी फ्लेक्सला ७२ पीपीआय म्हणजे सीएमवायकेमध्ये १.१९ जीबी, आणि ३० पीपीआय म्हणजे २०७ एमबी. रस्त्याच्या पलीकडून बघायच्या बोर्डाला ३० पुरतात. चेहरे मोठे असतील आणि माणसं खालून चालत जाणार असतील तर ७२ करा, त्यापुढे नको.

अक्षरं मात्र चित्रात मिसळू नका. ३० पीपीआयचा चेहरा चालतो, ३० पीपीआयचं नाव कडेने करवतीसारखं दिसतं. फोटो कोरलड्रॉमध्ये आणून मजकूर वर व्हेक्टरमध्ये (पिक्सेलऐवजी रेषांच्या रूपात) ठेवा आणि ‘कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज’ करूनच रिपला द्या. श्रीलिपीचे किंवा युनिकोडचे फॉन्ट दुसऱ्या मशीनवर नसले की जोडाक्षरं फुटतात, आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ज्याचं नाव फुटतं तो पैसे देत नाही.

फाइल लहान केली तरी रिपला डिस्कवर जागा लागतेच. १० बाय ४० फूट ३६० बाय ७२० डीपीआयने रिप केलं, चार रंग आणि दर रंगाला २ बिट धरले, तर तयार माल १५ जीबींच्या आसपास जातो. मूळ चित्र ३० पीपीआयचं असो की ३०० चं, हा आकडा बदलत नाही. म्हणून रिपच्या कामाच्या फोल्डरसाठी निदान ५० जीबी मोकळे ठेवा, झालेली कामं आठवड्याला साफ करा, आणि ‘रिप करता करता प्रिंट’ ऐवजी ‘आधी पूर्ण रिप, मग प्रिंट’ ठेवा.

रोलपेक्षा रुंद काम तुकड्यांत काढताना चित्र हाताने कापण्यापेक्षा रिपच्या ‘टायलिंग’ने कापा, सगळ्या तुकड्यांना एकच प्रमाण लागतं. भिंतीच्या कागदाला अर्धा इंच ओव्हरलॅप पुरतो, फ्लेक्स जोडायचं तर एक ते दोन इंच. सगळे तुकडे एकाच रोलवर, एकाच बैठकीत काढा. सपाट आकाश किंवा एकरंगी पार्श्वभूमी असेल तर दर दुसरा तुकडा १८० अंशांत उलटा छापा. प्रिंटरचा रंग डाव्या आणि उजव्या कडेला किंचित वेगळा पडतो; उलटा छापल्याने डावी कड डाव्या कडेलाच भिडते आणि जोड दिसत नाही.

पूर्ण काम लावण्याआधी चित्रातला सगळ्यात गडद आणि सगळ्यात फिका भाग येईल अशी सहा इंची एक पट्टी, नेमक्या त्याच सेटिंगने काढा. त्यात रंग खूप भडक आला तर सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर दोघंही रंग सांभाळतायत. एकाचं बंद करा. पट्टी नीट आली की सी ड्राइव्हवरची मोकळी जागा एकदा बघा, यूपीएसचा दिवा बघा, आणि मग चाळीस फूट सोडा.